टाकीमागचं जामचं झाड

पाण्याच्या टाकीमागे कुणी जायचं नाही, असा आमच्या वेळी शाळेत नियम होता. का, ते कुणी सांगत नसे. आठवीत असताना चेंडू आणायला मी टाकीला वळसा घातला आणि एका झाडाखाली येऊन थबकलो. फांद्या पार कमरेपर्यंत वाकलेल्या, पानं वीतभर लांब आणि जाड, त्यांच्याआड घंटेच्या आकाराची फिकट हिरवी-पांढरी फळं घोसाघोसानं लोंबत होती. खाली पडलेलं एक सदऱ्याला पुसून चावलं. करकरीत, पाणीच पाणी, किंचित गोड. मधोमध कापसासारखा भुसभुशीत गाभा. तीन वर्षं त्या मैदानावर खेळत होतो आणि जामचं एवढं लगडलेलं झाड मला ठाऊक नव्हतं!

दुसरं फळ तोडायला फांदी ओढली आणि नियमामागचं कारण कळलं. आधी पानांवर भुरभुर पाऊस पडावा तसा आवाज आला. मग मनगटावर, मानेवर, सदऱ्याच्या आत तांबडे हुमले, म्हणजे झाडावर घरटी करणाऱ्या मुंग्या. एकेक उपटून काढताना धड हातात यायचं, डोकं कातडीला धरूनच राहायचं.

विज्ञानाच्या बाईंनी खायच्या सोड्याचं पाणी लावलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "ही मुंगी नांगी मारत नाही. चावते आणि त्या जखमेवर पोटातलं फॉर्मिक आम्ल फवारते. लॅटिनमध्ये फॉर्मिका म्हणजे मुंगी, त्यावरूनच आम्लाचं नाव पडलं. त्यांचं घर बघितलंस?"

"पानांचा गोळा आहे, बाई."

"पानं कशानं जोडलीत?"

मला सांगता येईना. "मग बघून ये. फांदीला हात लावायचा नाही," एवढंच त्या बोलल्या.

पुढचे आठ दिवस शाळा सुटली की मी टाकीच्या कठड्यावर बसू लागलो. एका खालच्या फांदीवर नवं घरटं चाललं होतं. दोन पानांमध्ये चार बोटांचं अंतर, आणि मुंगी जेमतेम सेंटिमीटरभर. मग एकीनं पानाची कड धरली, दुसरीनं तिची कंबर जबड्यात पकडली, तिसरीनं दुसरीची. अशी सात मुंग्यांची साखळी मी मोजली. शेजारी आणखी साखळ्या लागल्या आणि पान तसूतसूनं सरकू लागलं. कडा जुळल्यावर मुंग्यांची रांगच्या रांग मागचे पाय एका पानावर रोवून, दुसरं पान जबड्यात धरून ताटकळत राहिली. पण चिकटवायला त्यांच्याकडे काय होतं, ते दिसेना.

सहाव्या दिवशी उजेड कमी होत असताना जुन्या घरट्यातून काही मुंग्या तोंडात पांढरं काहीतरी घेऊन आल्या. मला तांदळाचे दाणे वाटले. त्या अळ्या होत्या, त्यांचीच पिल्लं. मुंगी अळीचं तोंड एका पानाच्या कडेला टेकवायची, मग पलीकडच्या, पुन्हा अलीकडच्या, हातमागावरचा धोटा फिरावा तशी. अळीच्या तोंडातून रेशीम सुटत होतं. तासाभरात फटीवर पांढरा तलम पडदा तयार झाला.

मी धावत बाईंना सांगायला गेलो. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या स्वतः आल्या. पदर खोचला, प्रयोगशाळेतलं भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ गप्प उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अरे, वाचलं होतं मी. पाहतेय पहिल्यांदाच." शिक्षकाच्या तोंडून असं वाक्य मी त्याआधी ऐकलं नव्हतं. त्या संध्याकाळी आम्ही दोघं विद्यार्थी होतो.

पुढे या मुंगीचं, इकोफायला स्मॅरॅग्डिनाचं, जमेल तेवढं वाचत गेलो. इतर अनेक मुंग्यांच्या अळ्या रेशमाचा कोष स्वतःभोवती विणतात; हिच्या अळ्या ते सगळं घरासाठी देतात आणि उघड्याच वाढतात. चीनमध्ये संत्र्याच्या बागांसाठी या मुंग्यांची घरटी बाजारात विकायला येत, अशी नोंद इसवी सन 304च्या सुमाराच्या, जी हान यांच्या नावावर असलेल्या ग्रंथात आहे. मुंग्या नसतील तर फळ किडतं, हे तिथल्या बागायतदारांना तेव्हाच उमगलं होतं. अर्थात झाडाचा सगळा फायदाच होतो असं नाही. गोड चिकट रसासाठी त्या खवले किडी आणि पिठ्या ढेकूण सांभाळतात, आणि ती कीड झाडाचा रस शोषते. मला मात्र सगळ्यात भिडली ती एक गोष्ट: वसाहतीच्या कडेची, पहाऱ्याची घरटी म्हाताऱ्या मुंग्यांची असतात. आठवीत मला कडकडून चावल्या त्या बहुधा आज्याच असणार.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्तानं टाकीमागची जागा साफ करायचं ठरतंय, असं कानावर आलं. झाड तोडू नका, ही हात जोडून विनंती. छाटणी करायचीच असेल तर वाळून तपकिरी झालेली घरटी असलेल्या फांद्या आधी घ्या. ती बहुतेक वेळा सोडून दिलेली असतात. हिरव्या घरट्यांना हात लावू नका. आणि त्याआधी आठ दिवस आठवीच्या मुलांना टाकीमागे जायची परवानगी द्या. भिंगं मी पाठवतो.