मौना केआच्या वाटेवर

आज हवाईतल्या मौना केआ डोंगरावर जाताना वाटेतल्या पुउ हुलुहुलु टेकडीपाशी गाडी थांबवली. जुलै २०१९ मध्ये याच रस्त्यावर हवाईतले म्हातारे-म्हाताऱ्या खुर्च्या टाकून बसले होते, डोंगरावर उभारायच्या ‘तीस मीटर दुर्बिणी’चं सामान वर जाऊ नये म्हणून. पोलिसांनी त्यांना अटक केली.

मला लहानपणापासून आकाशाचं वेड. ४९२ तुकडे जोडून केलेला तीस मीटरचा आरसा! भारतही त्यात भागीदार आहे, याचा अभिमान वाटायचा. अजूनही वाटतो. पण इथल्या लोकांसाठी हा डोंगर आकाशपिता वाकेआचं अपत्य, म्हणजे त्यांचा पूर्वजच. वरच्या वाइआऊ तळ्यात बाळाची नाळ ठेवायची त्यांची रीत आहे. जिथे नाळ पुरली ती जमीन म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं सांगावं लागतं का?

वर एकेक करत १३ दुर्बिणी उभ्या राहिल्या. इथल्या लोकांना मनापासून विचारलं कुणी? २०१८ मध्ये न्यायालयाने नव्या दुर्बिणीचा परवाना कायम ठेवला. पण २०२२ च्या कायद्याने डोंगराच्या कारभारात मूळ हवाईयनांना जागा मिळाली, ते मला जास्त मोलाचं वाटतं.

शिखरावर गेलो नाही. २,८०० मीटरवरच्या पर्यटक केंद्रापाशीच थांबलो आणि अंधार पडल्यावर कितीतरी वेळ तारे बघत राहिलो.