पत्र्यानं गप्प बसावं म्हणून

गाडीचं सगळ्यात स्वस्त मॉडेल घेतलं की डॅशबोर्डच्या मधोमध एक रिकामा खण मिळतो. वरच्या मॉडेलमध्ये तिथं स्टिरिओ असतो, आपल्या वाट्याला नुसता प्लॅस्टिकचा कप्पा. त्यात फास्टॅगच्या आधीच्या जमान्यातल्या कोगनोळी नाक्याच्या पावत्या, सुटे पैसे आणि कुणाच्या तरी लग्नातल्या अक्षता साठत जातात. खण मात्र चांगल्या घराण्यातला. १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच हे माप जर्मनीच्या मानक संस्थेनं बांधून दिलेलं, तिच्याच नावावरून त्याला ‘सिंगल डिन’ म्हणतात. उंची दुप्पट झाली की ‘डबल डिन’. कॅसेटचा डेक असो की आजचा ब्लूटूथवाला डबा, दोघांची जागा हीच. पहिल्यांदाच पाना हातात घेणाऱ्या माझ्यासारख्याचं हे नशीबच म्हणायचं.

बेळगावात स्टिरिओ आणि दारातले स्पीकर बसवायचं हे काम दुकानात टाकलं तर कँपात चहा पिऊन येईपर्यंत होऊन जातं. पोरं तरबेज असतात. दातांनी वायर सोलतात, दोन पिळे देतात, काळी टेप गुंडाळतात आणि गाणं लागतं. चैत्रातल्या उन्हात टेपचा डिंक सुटला की ती वायर पत्र्याला कुठं टेकेल हे ज्याच्या त्याच्या दैवावर. शिवाय मला ते दार आतून बघायचं होतं. रोज धाडकन आपटतो त्या वस्तूच्या पोटात काय आहे, हे माणसाला एकदा तरी माहीत असावं.

बॅटरीचा मायनस आधी काढायचा, दहाच्या पान्यानं. मग स्टिरिओच्या मागचा वायरींचा जुडगा. बघून छाती दडपते, पण खरं म्हणजे त्यात तीनच वायरींना महत्त्व. पिवळी थेट बॅटरीची, कायम चालू, तिच्यावर स्टेशनं लक्षात राहतात. लाल किल्ली फिरवल्यावर जागी होणारी. काळी अर्थची, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडायची. पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झाली की गाडी बंद केल्याबरोबर डबा सगळं विसरतो, आणि दोन्ही बॅटरीवरच जोडल्या तर गाडी चार दिवस उभी राहिल्यावर ढकलायला माणसं बोलवावी लागतात. उरलेल्या वायरी जोडीजोडीनं स्पीकरच्या: पांढरी, करडी, हिरवी, जांभळी, आणि प्रत्येकीची काळ्या रेघेची जोडीदारीण. तुमच्या गाडीच्या कपलरला बसणारी तयार जोडवायर बाजारात अगदी किरकोळ किमतीला मिळते. ती घेतली की मूळ वायरीला कात्री लावावी लागत नाही. स्वस्तातल्या कामात पैसा कुठं घालावा असं कुणी विचारलं तर मी पहिल्यांदा ही जोडवायर दाखवीन, मग एक साधा मल्टिमीटर, आणि मग स्पीकर.

गल्लीच्या टोकाला एक ऑटो इलेक्ट्रिशियन बसतात. त्यांना विचारलं तर त्यांनी डोकं वर न काढता एवढंच सांगितलं, “अर्थ चलो इरबेक नोड्री.” अर्थ चांगला असला की बाकीचं सांभाळून घेता येतं, असा त्यांचा रोख. पत्र्यावरचा रंग पॉलिश पेपरनं घासून चकचकीत पांढरा पत्रा दिसेपर्यंत जायचं आणि तिथं बोल्ट आवळायचा. अर्थ कच्चा राहिला की एक्सलेटरबरोबर चढत जाणारी बारीक शिट्टी गाण्यात घुसते. ती अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची. कुणी वेगळा ॲम्प, म्हणजे आवाजाची ताकद वाढवणारा डबा, बसवत असेल तर बॅटरीची मेन वायर गाडीच्या एका अंगानं आणि सिग्नलची दुसऱ्या अंगानं न्यावी, आणि मेन वायरला फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ द्यावा. हा फ्यूज ॲम्पसाठी नसतो. वाटेत कुठं वायर सोलून पत्र्याला लागली तर गाडी पेटू नये म्हणून असतो.

आता वॅट. बेस, वॅट आणि डीजे यांच्याबाबतीत आमच्या भागाला समजावायला जाणं म्हणजे शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत कुणाच्या कानात गुपित सांगणं. तरी सांगतो. माझ्या डब्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ असं ठळक छापलंय, म्हणजे दोनशे. डबा उलटा केला तर मागे फ्यूज १० ॲम्पिअरचा. चालू इंजिनवर गाडीत १४ व्होल्टच्या आसपास दाब असतो. चौदा दाहे एकशे चाळीस. आतच एकशे चाळीस वॅट जात असतील तर बाहेर सतत दोनशे येणार कुठून? त्यातलेही काही उष्णतेत जातात, म्हणून तर डब्याची पाठ गरम होते. एका स्पीकरच्या वाट्याला खरे पंधरा-वीस वॅट आले तरी भरपूर झाले. दुकानात स्पीकर घेताना त्या मोठ्या आकड्याकडे बघूच नये. खोक्याच्या मागे बारीक अक्षरात ‘सेन्सिटिव्हिटी’ लिहिलेली असते, डेसिबलमध्ये, ती बघावी. ८९ ऐवजी ९२ चा स्पीकर घेतला तर त्याच डब्यातून निघणारा आवाज वॅट दुप्पट केल्यासारखा वाढतो, आणि वॅट दुप्पट करायला जे पैसे लागतात ते खिशात राहतात.

दार उघडायला बसलो तेव्हा शेजारचे मामा हातात ब्रश घेऊन फाटकाशी आले.

“काय करूलालास रे सकाळी सकाळी?”

“स्पीकर बसवतोय, मामा.”

“त्याला दार कशाला सोलूलालास? मेस्त्रीकडं टाकायची की.”

दार सोलण्याची सुरुवात काच खाली-वर करायच्या दांड्यापासून होते. स्वस्त मॉडेल म्हणजे दांडा आलाच. तो कुठल्याच स्क्रूनं धरलेला दिसत नाही. मागे घोड्याच्या नालेच्या आकाराची एक तारेची क्लिप असते. जुन्या बनियनची चिंधी दांड्यामागे सरकवून, बूट पॉलिश करतात तशी दोन्ही टोकं मागेपुढे ओढली की क्लिप ‘टिक्’ करून उडते आणि कुठं गेली ते शोधावं लागतं. म्हणून दुसरा हात वर झाकायचा. मग हँडलमागचा टोपीखाली लपलेला स्क्रू आणि कडेचे प्लॅस्टिकचे खिळे. दाराचं आतलं पॅड हातात आलं की मागे काळ्या चिकट पट्टीनं डकवलेला प्लॅस्टिकचा कागद दिसतो आणि त्याच्यामागे पत्रा. त्या पत्र्याला हात घालता येईल एवढाली भोकं. दार म्हणजे दोन पत्र्यांमधली पोकळी, तिच्यात काचेची फळी, दोन पट्ट्या, एक केबल. बाकी सगळा वारा.

स्पीकरचा पडदा पुढं आला की समोरची हवा ढकलतो आणि त्याच क्षणी मागची ओढतो. या दोन हवा त्या भोकांमधून एकमेकींना भेटल्या की एकमेकींना खाऊन टाकतात, आणि त्यात सगळ्यात आधी जातो तो खालचा आवाज. नवे स्पीकर बसवूनही ‘बेस नाही’ म्हणून लोक मोठे स्पीकर आणतात, मग ॲम्प, मग बेस ट्यूब, म्हणजे खालच्या आवाजासाठीचा नळकांड्यातला वेगळा स्पीकर. दाराची भोकं तशीच.

मिरज आमच्यापासून रेल्वेनं फार लांब नाही. तिथल्या तंबोऱ्यांना आणि सतारींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोरा करणारा भोपळा निवडतो तो बोलेल असा, तारेबरोबर ज्याचं पोट थरथरेल असा. गाडीच्या दाराचंही पोट तसंच पोकळ, फक्त त्याच्याकडून उलटी अपेक्षा: त्यानं एक अक्षरही बोलू नये. गाणाऱ्यानं गावं, पत्र्यानं गप्प बसावं. त्यासाठी डांबरी किंवा ब्युटिलची, म्हणजे एका चिकट रबराची, शीट मिळते. आमच्या उन्हात डांबरी शीट मऊ होऊन घसरते, म्हणून महाग असली तरी ब्युटिलची घेतली, आणि पैसे वाचवायला सगळ्या दारभर न लावता पत्रा जिथं सपाट आणि सैल आहे तेवढ्याच भागावर चिकटवली. लावण्याआधी बोटाच्या पेरानं टकटक केलं तर पत्रा ‘टण्ण’ म्हणायचा. लावल्यावर ‘ठक’. ही ‘ठक’ ऐकायला मिळाली तिथंच माझे पैसे वसूल झाले. गाणं अजून लागायचं होतं.

स्पीकर आणि पत्रा यांच्यामध्ये एक जाड रिंग लागते, नाहीतर काच पूर्ण खाली केल्यावर ती स्पीकरच्या लोहचुंबकावर आपटते. रिंग बहुतेक लोक एमडीएफची, म्हणजे लाकडाच्या दाबलेल्या भुशाच्या फळीची, करतात. कोरड्या मुलखात ठीक आहे. पण दाराच्या आत पाणी जातंच, काचेच्या फटीतून पावसाचं पाणी उतरतं आणि तळाच्या बारीक भोकांतून बाहेर पडतं, दाराची रचनाच तशी आहे. आणि आमचा पाऊस म्हणजे जांबोटी, कणकुंबी, पुढं आंबोली. तिथं एमडीएफ एका पावसाळ्यात पोह्यासारखी फुगते. बेळगावात राहण्याचा फायदा असा की उद्यमबागेत कुणाचा तरी कुणी लेथवर असतोच. माझ्या मित्रानं जाड नायलॉनच्या उरलेल्या तुकड्यातून दोन रिंगा उतरवून दिल्या, कडांना बोट फिरवलं तर घसरावं अशा. तळाची पाण्याची भोकं मात्र शीट लावण्याच्या उत्साहात बुजवायची नाहीत आणि तो प्लॅस्टिकचा कागदही फेकायचा नाही, पुन्हा नीट डकवायचा. नाहीतर जुलैत पायाखाली तळं.

पॅड लावण्याआधी आणखी एक गंमत. स्पीकरच्या दोन टोकांना पेन्सिल सेल क्षणभर टेकवला तर पडदा ‘टप्’ करून हलतो. प्लसला प्लस असेल तर पुढं येतो, उलटं असेल तर मागं जातो. एक दार सुलट आणि दुसरं उलट जोडलं गेलं तर एक पुढं येताना दुसरा मागं जातो, बेस नाहीसा होतो आणि गाणाऱ्याचा आवाज नक्की कुठून येतोय ते कळेनासं होतं. सेल टेकवायला शेजारचा पोरगा बोलावला होता. त्याला हा खेळ इतका आवडला की सेल काढून घ्यावा लागला.

पहिलं काय लावायचं हे ठरलेलं होतं. बेळगावजवळच्या सुळेभावी गावात १९२४ मध्ये कुमार गंधर्वांचा जन्म झाला. मी लावलं कुमारांचं भजन, पण लक्ष तंबोऱ्यावर. पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज ६५ ते ७० हर्ट्झच्या आसपास असतो आणि चार इंची स्पीकरला तो नीट झेपतच नाही. तरी आपल्याला खर्ज ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण वरचे सगळे स्वरांश पोचलेले असतात आणि खालचा षड्ज डोकं स्वतःच भरून काढतं. दारातल्या साडेसहा इंचीतून मात्र तो खरंच येतो, जांघेशी, दाराला टेकलेल्या गुडघ्यात. इंजिन बंद, काचा वर, आवाज बेताचा. इतक्या जवळ बसून मी तंबोरा कधी ऐकला नव्हता.

रेडिओनं निराशा केली, हे सांगायला हवं. आमच्या घरचा जुना रेडिओ धारवाड आणि सांगली या दोन आकाशवाण्यांच्या मध्ये काटा फिरवत मोठा झाला. सकाळी कन्नड वचनं, मग मराठी बातम्या, घरात कुणाला त्यात विशेष वाटत नसे. दोन्ही मिडियम वेव्हवर. माझ्या नव्या डब्यात मिडियम वेव्ह नाहीच, फक्त एफएम. स्वस्त डब्यांतून ती काढूनच टाकलीय. खोक्यावर हे कुणी लिहीत नाही. असलेल्या गोष्टी तेवढ्या छापतात.

आणि मग खानापूरच्या रस्त्याला गाडी काढली. इतकी वर्षं जे आवाज इंजिनाच्या आणि खड्ड्यांच्या नावावर खपून जात होते, ते आता एकेक करून नाव सांगायला लागले. डाव्या दाराचा पट्ट्याचा बक्कल. डिकीतला जॅक. मागची नंबर प्लेट तर विशिष्ट स्वर आला की केए २२ सकट थरथरायची, तिच्यामागे फोमचा तुकडा घातला तेव्हा थांबली. गाडीत चांगलं गाणं लावलं की गाडीचे बाकीचे आवाज आधी ऐकू येतात. मला तर आता दुसऱ्यांच्या गाडीत बसलं की पहिल्यांदा दारावर पेरानं टकटक करावीशी वाटते, आणि करतोही. लोक विचित्र बघतात.

मामांना बसवून एक चक्कर मारली. डोळे मिटून ऐकलं.

“बरं वाजूलालंय की रे. पण काच काय हलेना.”

“काच हलू नये म्हणूनच एवढं केलं, मामा.”

ते पटल्यासारखे दिसले नाहीत. घरी आल्यावर आतून एक लांबडं खोकं घेऊन आले. मुलानं पुण्याहून पाठवलेली बेस ट्यूब, वर १२०० वॅट. मी सवयीनं फ्यूज बघायला उलटी केली.

“फ्यूज काय बघूलालास? वर लिहिलंय की बाराशे. रविवारी ये, चहा-उप्पीट आमच्याकडं. तू येईपर्यंत मी दार काढून ठेवतो.”

बेस ट्यूबला दाराशी काही देणंघेणं नसतं, हे रविवारी सांगता येईल. पण काढायचं ते आतलं पॅड, बिजागरीसकट दार नव्हे, एवढं मात्र शनिवारीच जाऊन सांगायला हवं. मामांच्या घरी पान्यांचा अख्खा सेट आहे.