दातानं तोडलेला दोरा

माझ्या लेकीला समोरच्या दातांनी शिलाईचा दोरा तोडता येत नव्हता. दाढा मिटल्या तरी समोर 5 मिलिमीटरची फट उरायची. भाकरीचा तुकडा दाढेखाली सरकवायची, पंगतीत तोंडापुढे ओढणी धरून जेवायची. एका दवाखान्यात थेट जबड्याचं ऑपरेशन सांगितलं, तेव्हा माझे हातपायच गळाले.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी दुसरी वाट दाखवली. टायटॅनियमचा स्क्रू, 8 मिलिमीटर लांब, जाडी जेमतेम दीड. हिरडी बधिर करून वरच्या दाढांच्या मुळांमधल्या हाडात फिरवला. नुसत्या तारेनं दाढ ओढली तर शेजारचे दातही सरकतात. हाडातला खुंटा सहसा हलत नाही. त्याला रबरी साखळी अडकवून दाढा हळूहळू वर हाडात दाबल्या. दाढा जराशा वर गेल्या की खालचा जबडा बिजागरीसारखा फिरून वर येतो आणि समोरची फट मिटत जाते! जपानच्या कानोमी नावाच्या दंतवैद्यांनी 1997 साली असे बारीक स्क्रू मांडले, हेही बाईंनीच सांगितलं. हाडातच फार दोष असला तर मात्र ऑपरेशनच लागतं.

दर महिन्याला दारव्ह्याहून पहाटेची एसटी, कापूस वेचणीच्या दिवसांतही. मधेच एक स्क्रू ढिला झाला, लेक रडली. तो काढून दुसऱ्या जागी बसवला.

परवा तिनं ब्लाऊजला शेवटचं हुक लावलं, दोरा दातांत धरला. कट्. तो दोरा मी सुयांच्या डबीत ठेवलाय.