माकडहाडाचं दुखणं आणि एक सुई

वर्गात खुर्चीवर बसलं की माकडहाडात ठणका लागायचा. दीड वर्ष मी कधी सायटिका, कधी मूळव्याध समजून औषधं घेतली. कमरेचा एमआरआयही झाला होता, पण तो वरच्या मणक्यांपुरता. त्रिकास्थीचा, म्हणजे माकडहाडाच्या लगेच वरच्या हाडाचा, खालचा भाग त्यात आलाच नव्हता. लघवीला वेळ लागायला लागला तेव्हा पुन्हा काढला. संत्र्याएवढी गाठ निघाली.

गावातले एक डॉक्टर म्हणाले, शौचाच्या वाटेनं सुई घालून उद्याच तपासायला गाठीचा तुकडा घेऊ. आम्ही तयारही झालो होतो. ह्यांच्या ओळखीच्या रेडिओलॉजिस्टनी फिल्म बघितली आणि फोनवर जवळजवळ ओरडलेच, "तिथून सुई लावू देऊ नका, परळला टाटाला जा." त्या फोनचे उपकार मी विसरणार नाही. सुईच्या वाटेवर गाठीच्या पेशी सांडू शकतात, म्हणून ऑपरेशनमध्ये ती वाटसुद्धा गाठीसोबत काढतात. आतड्यातून सुई गेली असती तर आतड्याचा तो भागही गमवावा लागला असता. परळला सुई पाठीमागून, पुढे जिथे चिरा येणार त्याच रेषेत घातली.

निदान आलं कॉर्डोमा, हाडाचा एक कॅन्सर. दहा लाखांत वर्षाला साधारण एकाला होणारा. आईच्या पोटात असताना ज्या दोरीभोवती आपला कणा घडतो, तिचे उरलेले अंश हाडात राहतात. त्यातून हा वाढतो, तोही सावकाश. केमोला दाद देत नाही. गाठ न फोडता, भोवतीच्या निरोगी भागासकट अखंड काढणं हाच मुख्य उपाय.

डॉक्टरांनी कागदावर त्रिकास्थीचे पाच मणके काढले आणि दुसऱ्याच्या खाली रेघ मारली. दुसऱ्या मणक्याच्या नसा दोन्ही बाजूंना राहतील, तिसरीपासून खालच्या जातील. चालता येईल, लघवी-शौचाचं मात्र आधी सांगता येणार नाही. मी विचारलं, थोडं आतून कापून तिसरी नस वाचवता येणार नाही का? ते म्हणाले, "गाठ फुटली तर सांडलेलं सगळं टिपता येत नाही. ती परत येते." दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत तीन रात्री मी रडले. चौथ्या दिवशी सही केली.

सकाळी आत नेलं, बाहेर आले तेव्हा अंधार पडला होता. पोकळी भरायला प्लास्टिक सर्जननी नितंबाचा स्नायू वळवून घेतला होता. कित्येक आठवडे पाठीवर टेकायचं नाही, बसायचं नाही. जखम एकदा उसवली, पुन्हा टाके पडले. पण पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला: गाठ अखंड, कडा स्वच्छ. हे तो कागद छातीशी धरून उभे होते.

ऑपरेशननंतरची लघवीची नळी काढल्यावर लघवी आपणहून झाली नाही. सिस्टरांनी आरसा धरून स्वतः नळी घालायला शिकवलं. हे शब्द लिहितानाही संकोच वाटतो, पण ऑपरेशनच्या आधीच हे शिकवा म्हणून मागा. मी लाजेपायी विचारलं नाही, आणि पहिले पंधरा दिवस फार जड गेले.

दर सहा महिन्यांनी एमआरआय असतो. हा आजार बऱ्याच वर्षांनीही उलटतो, म्हणून तारीख चुकवत नाही. शाळेत मुख्याध्यापकांनी मला तळमजल्यावरचा, स्वच्छतागृहाजवळचा वर्ग दिला. निघताना एकदा नळी घालते, मग मधल्या सुट्टीत. घंटा झाली की मुलं डबे उघडतात आणि मी पर्स घेऊन उठते.