ती झाडं मेलेली नाहीत

“मावशी, ही सगळी झाडं मेलीत का गं?”

सायबेरियातल्या याकुतियाचा हिवाळ्यातला फोटो होता. बर्फात उभ्या असंख्य काटक्या, एकही पान नाही. “हो, बहुतेक,” म्हणत मी पुढचा फोटो काढला. आणि दिवसभर ते ‘हो’ टोचत राहिलं.

कारण ती लार्चची झाडं होती. पाइन-स्प्रूस या सूचिपर्णी झाडांचीच भावंडं, पण थंडीआधी सोनेरी होऊन सगळ्या सुया, म्हणजे सुईसारखी पानं, गाळून टाकणारी. तिथे पारा उणे 60 अंशांच्याही खाली जातो. त्यात तगून राहायला झाड पेशींमधलं पाणी हळूहळू बाहेर सोडतं. बर्फ होतो तो पेशींच्या बाहेर, आत नाही. खाली जमीन कायमची गोठलेली. उन्हाळ्यात वरचा थोडासा थर सैल होतो, तेवढ्यातच मुळं पसरायची. केवढी चिवट जिद्द!

आता ती गोठलेली जमीनच वितळू लागलीय. आधार सुटलेली झाडं जागच्या जागी कलंडतात. हे वाचताना पोटात खड्डा पडला.

रात्री भाचीला सांगितलं, “मेली नाहीत गं, झोपलीत.”

“मग उठल्यावरचा फोटो दाखव ना!”

कोवळ्या हिरव्या सुयांचा, जूनमधला एक सापडला. बराच वेळ दोघी बघत बसलो.