समुद्रातल्या कयाकचे फोटो, सराव नाथसागरावर

कोकणात जाऊन खवळलेल्या पाण्यातल्या कयाकचे (वल्ह्याने चालवायच्या अरुंद, छोट्या होडीचे) फोटो काढायचे असतील, तर आधी पैठण गाठा. जायकवाडी धरणाचं पाणी, म्हणजेच नाथसागर, एवढं ऐसपैस आहे की वारा सुटला की लाटा उठतातच, आणि मासेमारीच्या होड्या त्यातूनच ये-जा करतात. लाटेआड जाऊन पुन्हा वर येणारी होडी फोकसमध्ये धरून ठेवणं इथे हातात बसतं. नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा थव्यांपासून लांबच राहा.

शटर १/१६०० सेकंद, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो, फोकस कंटिन्युअसवर, म्हणजे हलत्या होडीमागे तो सतत फिरत राहील. ट्रॅकिंगची (फोकस किती चटकन दुसऱ्या वस्तूवर जातो त्याची) संवेदनशीलता कमी करा, नाहीतर मध्ये उडालेल्या तुषारांवर फोकस पळतो आणि कयाक धूसर येते. उन्हात फेसाचा पांढरा भाग जळत असेल, म्हणजे तपशील जाऊन नुसता पांढरा दिसत असेल, तर एक्स्पोजर अर्धा स्टॉप खाली आणा, फोटो थोडा गडद होईल.

सेटिंगपेक्षा महत्त्वाचं म्हणजे तुमची होडी कुठे उभी आहे. वाऱ्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, थांबलात तर तुमची उंच होडी वाऱ्याने ढकलली जाऊन कयाकवरच येते. खालच्या अंगाला थांबलात तर सगळे तुषार थेट लेन्सवर. म्हणून बाजूला, थोडं पुढे राहा आणि ७०-२०० मिमी झूम लेन्सने अंतर राखा. नावाड्याशी खुणा आधीच ठरवा, वाऱ्यात हाक ऐकू जात नाही. कयाक उलटली तर कॅमेरा खाली ठेवायचा, मदत आधी.

कॅमेरा पाण्यालगत आणा. उभं राहून काढलेल्या फोटोत मोठी लाटही सपाट दिसते. खालून तीच क्षितिजाच्या वर चढते. कयाक लाटेच्या माथ्यावर आली आणि वल्ह्याचं पातं पाण्यात शिरताना चेहरा मोकळा दिसला, तो क्षण टिपायचा. तलावात लाटा आखूड आणि भरभर येतात. समुद्रात लांबून आलेल्या दोन लाटांमध्ये दहा-बारा सेकंदही जातात, तेवढा धीर धरावा लागतो.

खाऱ्या पाण्याचा सराव मात्र पैठणला होणार नाही. लेन्सवर वाळलेलं मीठ कोरड्या कापडाने कधीच पुसू नका, कोटिंगवर चरे पडतात; आधी गोड्या पाण्याने ओलं केलेलं कापड, मग कोरडं. वॉटरप्रूफ हाउसिंगच्या (कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीच्या) ओ-रिंगवर, म्हणजे झाकणाच्या रबरी कड्यावर, एक केस किंवा वाळूचा कण राहिला तरी पाणी शिरतं. परत आल्यावर बंद हाउसिंग अर्धा तास गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवा, पाण्यातच सगळी बटणं दाबून मीठ सोडवा आणि पूर्ण कोरडं झाल्यावरच उघडा.