तरडगावच्या तळावर

दादा २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनानं गेला. त्याच पावसाळ्यात कांद्याचं रोप वाफ्यातच सडलं आणि सोसायटीचं कर्ज थकलं. तेव्हा दोन वर्षं पायी वारी नव्हती. माऊलींच्या पादुकाही एसटीनं पंढरपूरला गेल्या. २०२२ ला पालखी पुन्हा पायी निघाली, तेव्हा आई म्हणाली, "दिंडीत दादाची जागा मोकळी राहायला नको." दादाचे टाळ गळ्यात घालून मी आळंदी गाठली.

ते टाळ नीरेवर हरवले. पादुकांच्या स्नानाची गर्दी होती. काठावर कपड्यांवर टाळ ठेवले, बुडी मारून आलो, तर कपडे जागेवर आणि टाळ नाहीत. लोणंदपर्यंत कुणाशी बोललो नाही. पांडुरंगा, अजून किती नेणार आहेस, एवढंच मनात घोळत होतं.

रात्री राहुटीत दिंडीतल्या एका मावशींनी माझ्या टाचेच्या फोडातून सुई-दोरा ओवला. पाणी निथळावं म्हणून दोरा तसाच आत ठेवला आणि म्हणाल्या, "माझं धाकटं पोर गेलं, माऊली. वाटलं, आता उठणं नाही. पण दरसाल हितं आले की इठ्ठल पुन्यांदा उभं करतोय. तू चालणं सोडू नको."

तळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. चोपदारांनी चोप, म्हणजे हातातला दंड, उंचावला की हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचेच तेवढे वाजत राहतात. मग सापडलेल्या वस्तू पुकारतात आणि ज्याची त्याला देतात. लाखोंच्या वाटेवर कुणाचं तरी हरवलेलं कुणीतरी उचलून इथवर आणतं, याचं मला फार अप्रूप वाटतं. लोणंदला पिशव्या, घड्याळ, चष्मा असं बरंच निघालं. टाळ नाहीत.

तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून अश्व धावला. मी नुसत्या हातांनी टाळ्या वाजवल्या, आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदा मोकळा रडलो. दादाला मागत नव्हतो. तू मला उचलशील, एवढा शब्द तुझा आहे ना, असं विचारत होतो. उत्तर आलं नाही, पण पाय चालत राहिले.

तरडगावला पुकारा झाला, "पितळी टाळ, तांबडी दोरी!" दोरीला तीन गाठी आहेत, हे मी पुढं होऊन सांगितलं. सापडलेल्यानं चिखल पुसला होता, विरलेल्या टोकाला नवा दोरा गुंडाळला होता. तो कोण, ते आजही माहीत नाही.

कर्ज फिटायचं आहे. दादाच्या जागी आता मी चालतो. पण विठ्ठल आपलं मोडलेलं पुन्हा उभं करतो, यावर माझा विश्वास आहे, आणि तो त्या गुंडाळलेल्या दोऱ्यापासून आहे.

रात्री घरी फोन लावून टाळ वाजवले. पलीकडं वहिनी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "भाऊजी, आता आंघोळीला जाताना कुणापाशी तरी देऊन जात जा."